सातवी आसरा

छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि त्यातला बराच काळ पोरांचे खिसे तपासण्यात गेला. खिशातून खडूचे तुकडे निघत, चिंचोके निघत, एकदा तर जिवंत सरडा निघाला. ‘न विचारता घेतलेली वस्तू म्हणजे चोरी’ हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं की माझ्या हाताला ते पाठ झालं होतं. डोक्याला झालं नव्हतं, असं आता म्हणावं लागतं. कारण वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, चांगल्या शुद्धीत, भर दुपारी, मी सरकारी रानातून एक दगड उचलला आणि पिशवीत टाकला.

त्या रानाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी उत्सुक माणूस तिथं जाऊन ‘ती कोण हो?’ असं विचारणार, आणि जिला मी एवढा त्रास दिला तिला आणखी त्रास होणार. आमच्या कारंजा भागातलं ते काळविटांचं रान आहे, एवढं पुरे. जंगल म्हटलं की लोकांना दाट झाडी लागते. इथं तसं काही नाही. उघडा माळ, कमरेएवढं गवत, मधून मधून बोरी, बाभळी, पळस, आणि एक नाला. दोन तासांत पायी फिरून होईल अशी पायवाट आखलेली आहे. वाटेत एक मचाण आहे, आणि नाल्याच्या काठी ते दगड आहेत, ज्यांत पूर्वीच्या कुठल्याशा तळ्यातल्या गोगलगाई दगड होऊन बसल्या आहेत.

पण मी दगड का उचलला, ते आधी सांगितलं पाहिजे. त्याने गुन्हा कमी होत नाही, तरी सांगते.

माझी मोठी जाऊ धनजला असते. मी तिला अक्का म्हणते. माझा नवरा लवकर गेला तेव्हा माझी दोन्ही पोरं तिने सात वर्षं स्वतःजवळ ठेवली, म्हणून मला कामरगावला राहून नोकरी करता आली. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. दुसरं हवं ते बोलते. ‘मास्तरीणबाई, तुमच्या शाळेत भाकर थापाले शिकवत नाही वाटते,’ असं अजूनही म्हणते, कारण माझी भाकर अजूनही फाटते.

अक्काच्या शेतातल्या विहिरीच्या काठावर आसरा आहेत. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. ज्याच्या विहिरीवर त्या बसतात त्याचं पाणी त्या राखतात, असं आमच्याकडे मानतात. दिसायला म्हणाल तर सात दगड, ओळीने मांडलेले, शेंदूर लावलेले. गेल्या उन्हाळ्यात पुतण्याने विहीर खोल केली. यंत्र आलं, मातीचा ढिगारा निघाला, ढिगारा ट्रॉलीने कुठल्या तरी बांधावर गेला, आणि त्याबरोबर सातांतली एक आसराही गेली. अक्काने तीन दिवस बांध धुंडाळला. नाही सापडली.

तेव्हापासून अक्काने त्या विहिरीचं पाणी तोंडाला लावायचं सोडलं. पिकाला चालेल, तिला चालेना. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, ती गावातल्या हापशीवरून दोन दोन घागरी आणायची. पुतण्या ओरडला, सून रडली, मी विज्ञानाचं व्याख्यान दिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“सातातली एक हरवली,” ती म्हणाली, “अन् बाकीच्या सहाजणी सुखानं बसतीन का? तुही पोरगी हरवली असती तं तू पानी पेली असती?”

“मग दुसरा दगड ठेव ना, अक्का.”

“कोन्ताई ठेवू? रस्त्यावरचा? पान्याची खून पायजे त्याच्यावर. पान्यातली बाई हाय ते.”

मी कामरगावला परत आले ती तिच्या गुडघ्यांची काळजी मनात घेऊन.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीतल्या बायकांनी त्या रानात सहल काढली. एका काळीपिवळी जीपमध्ये आम्ही आठजणी, डब्यात पोळ्या आणि मिरचीचा ठेचा. गेटवर उतरलो तर साडीवर खाकी शर्ट घातलेली एक तिशीतली बाई धावत आली आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली.

“बाई! वळखलं का मले?”

मी ओळखलं नाही, पण शिक्षक असं कबूल करत नसतो. “अगं, तू!” असं म्हणून मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने माझा खोटेपणा ओळखला असावा, कारण लगेच स्वतःच सांगितलं, “चौथीत होती मी तुमच्या वर्गात. वस्तीवरची. मंग आमी ऊसतोडीले गेलो, तवा शाळा सुटली.” पुढे दुसरीकडे राहून तिने दहावी केली होती. आता रोजंदारीवर पर्यटकांना पायवाट दाखवायचं काम करत होती. बरोबरच्या बायका कौतुकाने माझ्याकडे पाहायला लागल्या, जशी काही तिला दहावी मीच केली होती. मीही तो मान गपचूप घेतला.

ती चालायची पुढे, आम्ही मागे. ती चांगली शिकवत होती, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. आधी विचारायची, मग थांबायची, मग सांगायची. मातीतला खूर दाखवून म्हणायची, “सांगा, रोही का काळवीट?” रोही म्हणजे नीलगाय. आमच्या एकीने ‘गाय’ म्हटलं तरी ती हसली नाही. लांडग्याची विष्ठा दाखवली, तिच्यातले केस काडीने वेगळे करून दाखवले. गवतातलं कुसळ आमच्या साड्यांना चिकटत होतं. ती म्हणाली, “चिकटू द्या. ते बी असंच गाव बदलते.”

नाल्याच्या काठी एका सपाट खडकावर तिने दहा-बारा दगड ओळीने मांडले होते. मुलांनी हात लावून पाहावं म्हणून ते सुटे ठेवले होते. पांढरट, राखाडी दगड, आणि प्रत्येकात बोटाच्या पेराएवढे शंख. ती खाली बसली आणि सांगायला लागली.

“जमिनीतून तापलेला रस निंघाला, थंड झाला, त्याचा काळा दगड झाला. मंग लय वर्षं काईच नाही. वरते पानी साचलं, तळं झालं. तळ्यात ह्या गोगलगाई होत्या. मंग पुन्हा रस आला अन् सगळं झाकून गेलं. आपून ज्याले नुसता माळ म्हनतो नं, तो दोन आगीतल्या मधातल्या तळ्यावर हाय.”

मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. मला हे असं कधी सांगता आलं नाही.

मग तिने ओळीतला एक दगड उचलून माझ्या हातात दिला. मुठीत मावेल एवढा. त्यावर तीन शंख शेजारी शेजारी होते, मधला तर असा पूर्ण की वेटोळी मोजता यावीत. “बाई,” ती म्हणाली, “वळखू येते का हा गोटा?”

“जीवाश्म आहे,” मी म्हणाले. वर बायकांकडे वळून त्या शब्दाचा अर्थही सांगितला.

“तसं नाही,” ती म्हणाली, आणि मग “जाऊ द्या” म्हणून हसली.

दगड माझ्या हातातच होता. मला दुसरंच काही दिसत होतं. पाण्याची खूण. कुठल्याही विहिरीपेक्षा जुन्या पाण्याची. अक्काला याहून चांगली आसरा मिळणार नव्हती. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं आणि पलीकडच्या गवतातून काळविटांचा कळप उधळला. नर काळे, माद्या तांबूस, एकामागून एक हवेत उंच उड्या. सगळ्या तिकडे पाहत होत्या. मीही पाहत होते. पाहता पाहताच मी दगड पिशवीत टाकला आणि वर रुमाल घातला. हात अजिबात थरथरला नाही, हे मला अजून लागतं.

परतताना गेटवरचा माणूस सगळ्यांच्या पिशव्या पाहत होता. कोणी दगड, पिसं, शिंगं नेऊ नयेत म्हणून तसा नियम होता. माझी पाळी आली. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तेवढ्यात ती मागून म्हणाली, “त्यायची नको पाहू गा. त्या माह्या बाई हायेत.”

त्याने पाहिली नाही. मी तिला आशीर्वाद दिला. खरंच दिला, हात वर करून.

काळीपिवळीत सगळ्याजणी साडीच्या काठातलं कुसळ वेचत बसल्या. एकजण म्हणाली, “वस्तीवरची असून केवढी हुशार निंघाली!” आणि त्या ‘वस्तीवरची’ शब्दाबरोबर मला ती एकदम आठवली. इतकी आठवली की मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

चौथीचा वर्ग होता. माझा लाल शाईचा पेन हरवला. वडिलांनी दिलेला, म्हणून मला त्याचं फार होतं. मी वर्गाला विचारलं, कोणी बोललं नाही. मग मी पहिल्या रांगेपासून शोधायला हवं होतं. मी सरळ शेवटच्या रांगेत गेले. तिथं गावाबाहेरच्या वस्तीवरची ती पोरगी बसायची; गावात काही हरवलं की आधी त्या वस्तीकडे बोट जायचं. तिची पिशवी खताच्या पोत्याची, हाताने शिवलेली. ती मी उचलली आणि सगळ्यांसमोर फरशीवर उलटी केली. एक पाटी पडली. फडक्यात बांधलेली अर्धी भाकर पडली. दात तुटलेली फणी पडली. आणि दगड, पाच-सहा. “दगडं? शाळेत दगडं आणतेस? कोणाला मारायला?” वर्ग हसला. ते दगड मी उचलून खिडकीबाहेर फेकले. कसले ते पाहिलंही नाही. बाकीच्या वस्तू तिने एकटीने गोळा केल्या. भाकरीला लागलेली धूळ तिने फुंकून काढली. तिच्या बाजूची पोरं पाय आखडून बसली होती, कोणी हात लावला नाही.

पेन त्याच दिवशी संध्याकाळी सापडला. हजेरीपटाच्या पानांत होता, मीच ठेवलेला. हे मी कोणालाही सांगितलं नाही. बाईंनी पोरीची माफी मागायची अशी आमच्याकडे रीत नव्हती, आणि ज्या रीती नव्हत्या त्यांच्याआड लपायची सवय मला चांगली होती. थोड्याच दिवसांत तिच्या घरचे ऊसतोडीला गेले आणि माझ्यापुरता विषय संपला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्यातलं मुसळ दिसत नाही, असं मी वर्गात शिकवत असे. त्या दिवशी मी काठातलं शेवटचं कुसळ काढलं, तेव्हा पिशवी मांडीवर होती आणि ती चांगलीच जड होती.

तरी मी गाडी परत फिरवली नाही. दुसऱ्या दिवशी धनजला गेले.

अक्काने दगड उन्हात धरला, त्या तीन शंखांवरून अंगठा फिरवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “कुठं भेटली तुले हे?” मी म्हणाले, “नाल्यात.” खोटं नव्हतं. चोरांना खरं बोलायची फार हौस असते. अक्काने तेलात शेंदूर कालवला, दगडाला लावला, सहा जणींच्या ओळीत ठेवला, नारळ फोडला. मग घागर विहिरीत सोडली आणि कित्येक महिन्यांनी आपल्या विहिरीचं पाणी प्यायली. मलाही पेला भरून दिला. पाणी गोड होतं. मी दोनच घोट घेतले आणि पेला परत दिला.

पुढचे तीन आठवडे चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मी भोगलं. गल्लीत पोस्टमन आला तरी मला वाटायचं, रानातून कागद आला. मी स्वतःला समजवायचे, की सरकारी माळावर असे दगड कितीतरी पडलेत, आणि एका म्हातारीची पायपीट थांबली. ही वकिली दिवसभर चालायची. निकाल मात्र माझ्या बाजूने लागायचा नाही.

आणि मग माझ्या जुन्या शाळेतली एक तरुण शिक्षिका भेटली. ती पोरांना घेऊन त्या रानात जाऊन आली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “ती पोरगी कशी सांगते? छान ना?”

“ते कुठं होती, बाई? त्यायनं तिले गेटवर बसवलं. पिशव्या तपासाले. म्हनते, एक शंखाचा दगड गेला तिच्या ताब्यातून. लोक म्हनतात वस्तीवरच्यायनंच इकला असन. पुढच्या महिन्यापासून तिले ठेवत नाहीत, असं आयकलं.”

वस्तीवरच्यांनीच. बावीस वर्षांपूर्वी मी जे मनात म्हटलं होतं, ते आता गाव तोंडाने म्हणत होतं. आणि यावेळीही पेन माझ्याच हजेरीपटात होता.

मी घरी न जाता तशीच धनजची गाडी धरली. अक्का विहिरीवरच होती. आसरांपुढे बसून शेंगा फोडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दगड, पिशवी, ती पोरगी, आणि जुना पेनही. अक्काने हातातली शेंग न फोडता खाली टाकली.

“देवाच्या नावानं चोरी केली तू,” ती म्हणाली. “अन् पाप आनून माह्या विहिरीवर मांडलं. मी रोज त्याले हात जोडून राह्यली!”

“अक्का, तुझ्या गुडघ्यांसाठी…”

“माह्या गुडघ्यायचं नाव नको घेऊ. माहे गुडघे गेले तं मी सरपटत जाईन. त्या पोरीची भाकर गेली तं ते कुठं जाईन?”

मला रडू आलं. अक्काने मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग मी भीत भीत विचारलं, की शेंदूर लागलेली, पूजलेली आसरा उचलून परत नेता येते का. मला खरंच माहीत नव्हतं. आणि ती नाही म्हणाली असती तर काय करायचं, तेही माहीत नव्हतं.

अक्काने त्या सातव्या दगडावर पडलेलं शेंगेचं टरफल बोटाने झाडलं. “हे काई आपली पोर नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या घरची हाय. सासरी आली होती चार दिवस. तिले माहेरी पाठवा लागन.”

“आणि मग तू पुन्हा हापशीवर जाशील?”

“काहून जाऊ? हरवली अन् माहेरी गेली, ह्यात फरक हाय का नाही? कुठं हाय ते ठाऊक असलं का बाकीच्या सहाजणी सुखानं बसतात.”

भूगोलाबरोबर मी विज्ञानही शिकवलं. पण इतकं शहाणपणाचं वाक्य मला त्या महिन्यात दुसरं कुणाकडून मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने माहेरी जाणाऱ्या लेकीची भरावी तशी त्या दगडाची ओटी भरली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, हिरवा खण. खणात दगड गुंडाळला आणि माझ्या पिशवीत ठेवला. “तूच आनली, तूच ने,” म्हणाली. पण स्वतःही निघाली.

गेटवर गर्दी होती. कुठल्या तरी शाळेची पोरं आली होती, काही शहरातली कुटुंबंही होती. ती टेबलामागे खुर्चीवर बसली होती, तोच खाकी शर्ट. मला पाहून उठली. पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिचा हात धरला.

“माझी पिशवी तपास,” मी म्हणाले.

“तुमची नाही, बाई.”

“तपास म्हणते ना.”

तिने हात सोडवून मागे घेतला. तेव्हा मीच पिशवी धरली आणि तिच्या टेबलावर उलटी केली. चष्म्याचं घर पडलं, बीपीच्या गोळ्या, रुमाल, पाण्याची बाटली, बसचं तिकीट. तांदूळ सगळीकडे उडाले. हिरवा खण सुटला आणि शेंदरी दगड घरंगळत टेबलाच्या कडेला जाऊन थांबला. रांगेतलं एक पोर हसलं आणि मग थांबलं.

“हा दगड मी नेला होता,” मी वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले. “चोरून. हिचा काही संबंध नाही. साहेबांना बोलवा.”

साहेब आले. तरुण होते, माझ्या पोराच्या वयाचे. त्यांना माझ्यावर नीट रागावताही येईना. मी कागद मागून घेतला आणि सगळं लिहून खाली सही केली. दंड म्हणाल तर दंड, पोलिस म्हणाल तर पोलिस, असंही सांगितलं. ते म्हणाले, वर पाठवतो, पुढे काय होईल ते कळवू. मग तिच्याकडे न पाहताच म्हणाले, “उद्यापासून तुम्ही पायवाटेवर जा.”

मी वळून पाहिलं तर ती टेबलावर वाकून माझ्या वस्तू गोळा करत होती. गोळ्यांची पट्टी पुसून ठेवली, चष्म्याचं घर ठेवलं, तिकीट घडी घालून ठेवलं. तांदळाचे दाणे एक एक करून खोबऱ्याच्या वाटीत टाकले. अक्का तिच्यासोबत दाणे वेचत होती. मी मध्ये हात घातला नाही. मला त्या फरशीवरची पोरगी दिसत होती, जिने आपल्या वस्तू एकटीने वेचल्या होत्या.

दगड जागेवर ठेवायला आम्ही तिघी नाल्यावर गेलो. अक्काने खण अंथरला, ओटी खडकापाशी ठेवली, हात जोडले आणि “सांभाळा आपल्या लेकीले” असं कोणाला तरी म्हणाली. मग गुडघ्यांना आराम म्हणून बाजूच्या पळसाखाली जाऊन बसली. तिला आमचं बोलणं ऐकायचं नव्हतं, हे मला कळलं.

“तुले ठाऊक होतं?” मी विचारलं. माझ्या तोंडून शाळेची भाषा निघेनाच.

“त्याच दिसी. मी रोज निंघताना गोटे मोजते. तुमच्या हातात देला होता, अन् मंग नव्हता.”

“मंग काहून नाही बोलली? तुही रोजी चालली होती!”

ती दगडाच्या वेटोळ्यात अडकलेला शेंदूर नखाने काढत होती. तो निघत नव्हता. “सगळ्यायसमोर पिशवी उलटी झाली का कसं लागते, मले ठाऊक हाय,” ती म्हणाली. “तुमच्या वयाच्या मानसाले ते कायले?”

मग मी विचारलं, की त्या दिवशी ‘वळखू येते का’ असं तिने का विचारलं होतं.

“तुमी खिडकीतून फेकले होते नं, ते सहा होते. शाळा सुटल्यावर मी गवतात पाह्यले. पाच भेटले. ऊसतोडीवर बी सोबत नेले. इथं कामाले लागली तवा ह्या वळीत आनून ठेवले. हा त्यातला.”

म्हणजे एकच दगड मी तिच्याकडून दोनदा घेतला होता. एकदा सगळ्यांसमोर, आणि एकदा कोणी पाहत नसताना.

आता तरी खरं बोलावं म्हणून मी सुरुवात केली. “तो पेन. तो तू नव्हता घेतला. तो मलाच…”

“हजेरीच्या वहीत होता,” ती म्हणाली.

“तुले कोनं सांगितलं?”

“कोनीच नाही. दुसऱ्या दिसी तुमी हजेरीची वही उघडली, त्यातूनच तो लाल पेन काढला अन् हजेरी घेतली, बाई. माहं नाव आलं. मी ‘हजर’ म्हनलं. तुमी वहीत खून केली अन् पुढचं नाव घेतलं.”